एका बटणाचा इतिहास

लढाया आणि तह यांची सनावळ शिकवण्यात माझी ३४ वर्षं गेली. आज मात्र एका बटणाचा इतिहास सांगायचा विचार आहे. निमित्त आमच्या नातवाचं. तो हल्ली मातीतल्या मोटारशर्यतींच्या नादी लागलाय. "आजोबा, शर्यतीपुरतं एबीएस बंद करायचं असतं," असं तो परवा फोनवर सहज म्हणून गेला आणि घरात चर्चेला तोंड फुटलं. त्याच्या आईचा प्रश्न सरळ होता. जीव वाचवणारी वस्तू कुणी मुद्दाम बंद का करील? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा मागे जाऊन पाहू या.

जोरात ब्रेक दाबला की चाक फिरायचं थांबतं, पण गाडी घसरत पुढे जातच राहते. आणि घसरणारं पुढचं चाक स्टिअरिंगला जुमानत नाही. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांना हा त्रास फार होता. त्यासाठी इंग्लंडच्या डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकात 'मॅक्सारेट' नावाची यंत्रणा काढली. पुढे १९६६ साली ती जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत आली. १९७८ साली बॉश आणि मर्सिडीझ यांनी इलेक्ट्रॉनिक एबीएस एस-क्लास गाडीत बसवलं. तत्त्व साधं आहे. चाकांचा वेग सतत मोजायचा, एखादं चाक अडकू लागलं की त्याचा ब्रेक क्षणभर सैल सोडायचा आणि पुन्हा धरायचा. हे सेकंदात अनेक वेळा घडतं. ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, हा त्याचा मोठा लाभ.

आता डांबर सोडून खडीच्या रस्त्यावर या. इथे अडकलेलं चाक नांगरासारखं जमिनीत रुततं, आपल्यापुढे खडीचा ढीग साचवतं आणि तोच ढीग गाडीला अडवतो. एबीएस मात्र चाक फिरतं ठेवतं. त्यामुळे ढीग साचतच नाही आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. भुसभुशीत मातीत आणि ताज्या बर्फातही असंच होतं.

दुसरं कारण चालकांच्या कसबात आहे. रॅलीचा चालक गाडी मुद्दाम घसरवतो. स्वीडनचा एरिक कार्लसन साब गाडीतून १९६०, ६१ आणि ६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकला. फिनलंडचा राउनो आल्टोनेन १९६७ साली मिनी कूपरमधून माँटे कार्लो जिंकला. या पिढीने डाव्या पायाने ब्रेक दाबण्याची कला रूढ केली. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्याने ब्रेक दाबला, की पुढची चाकं इंजिनाच्या जोराने फिरत राहतात, मागची अडकतात आणि गाडीचा मागचा भाग वळणात फिरतो. ज्या चाकाला चालक अडकवू पाहतो, त्यालाच एबीएस सोडवतं. मग दोघांचं जमायचं कसं?

या भांडणातूनच ते बटण आलं. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आउडीने क्वात्रो ही चारही चाकांना ताकद देणारी स्पोर्ट्स कार दाखवली. १९८१ मध्ये फ्रान्सच्या मिशेल मूतोंने तीच घेऊन इटलीची सानरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची एखादी फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. पुढे ग्राहकांना विकायच्या क्वात्रोत एबीएस आलं, तेव्हा आउडीने डॅशबोर्डवर ते बंद करायचं बटणही दिलं. कारखान्याने स्वतःच मान्य केलं, की रस्ता बदलला की सुरक्षिततेचा नियमही बदलतो.

आपल्याकडेही हा विचार पोचला आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. आणि २०२० मध्ये आलेल्या, चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये कच्च्या रस्त्यासाठी मागच्या चाकापुरतं एबीएस बंद करता येतं. पुढच्या चाकाचं चालू राहतं. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, की मागचंही आपोआप सुरू होतं. ही शेवटची गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. सवलत दिली, पण तिची मुदतही ठरवून दिली.

ज्या गाडीत बटण नसतं, तिचा चालक फ्यूज काढतो. खरी काळजी इथे आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटण्याचं कामही तीच यंत्रणा करते. ती बंद पडली तर जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी अडकून गाडी गर्रकन फिरू शकते. मोकळ्या मैदानात, अंगावर पट्टे आणि डोक्याला हेल्मेट असताना त्याचं फारसं बिघडत नाही. पण परतीच्या वाटेवर पावसात भिजलेला घाट असतो, समोरून एसटी येत असते, कडेने शाळेची मुलं चालत असतात. आणि काढलेला फ्यूज किल्ली फिरवली म्हणून आपोआप जागेवर जाऊन बसत नाही. ते माणसालाच आठवावं लागतं, तेही दमलेल्या आणि जिंकण्या-हरण्याच्या तंद्रीतल्या माणसाला.

म्हणून मी नातवाला शर्यत सोड म्हटलं नाही. काढलेला फ्यूज एका डबीत घालून ती हेल्मेटच्या पिशवीत ठेव, एवढंच सांगितलं. हेल्मेट आत ठेवताना ती हाताला लागेलच. मग फ्यूज बसवून गाडी चालू करायची, एबीएसचा पिवळा दिवा विझला का ते पाहायचं आणि मगच मैदानाबाहेर पडायचं. त्याच्या आईने याला आणखी एक कलम जोडलंय. दिवा विझल्यावर तिला फोन करायचा.