कूलिंग सिस्टीमचे सुटे भाग : निवडीच्या अभ्यासाची प्रस्तावना

“ओरिजिनल देऊ, की दुसऱ्या कंपनीचा चालेल?” पुण्याच्या नाना पेठेत असो वा तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या दुकानात, स्पेअर पार्टच्या काउंटरवर हा प्रश्न येतोच. गिऱ्हाईक दोन्ही किमती ऐकते, सोबत आलेल्या मेकॅनिककडे पाहते आणि काहीतरी ठरवते. त्यामागे बहुधा एक तर खिशाचा विचार असतो, नाही तर फसवले जाण्याची भीती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांच्या जोडीला माहिती असेल तर निर्णय शहाणपणाचा होतो, आणि ती माहिती मिळवणे वाटते तितके अवघड नाही. गाडीचा मालक, आयटीआयचा विद्यार्थी, गॅरेजात नुकताच हाताखाली लागलेला मुलगा आणि सारी उमर इंजिने खोलण्यात घालवलेला मिस्त्री, अशा सर्वांचे या अभ्यासात स्वागत आहे. दहावीच्या विज्ञानातली उष्णता, दाब आणि उत्कलनबिंदू आठवत असतील, तर पूर्वतयारी झाली.

सुट्या भागांचा विचार कूलिंग सिस्टीमपासून सुरू करण्याला कारण आहे. पेट्रोल इंजिनात जळालेल्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा गाडी चालवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि जवळजवळ तेवढीच कूलंटला वाहून न्यावी लागते. सिलिंडरमधल्या जळत्या वायूंचे तापमान दोन हजार अंश सेल्सियसच्या वर जाते. ज्या ॲल्युमिनियमपासून हेड बनवतात ते शुद्ध स्वरूपात ६६० अंशांनाच वितळते. धातू शाबूत राहतो तो भोवती फिरणाऱ्या काही लिटर द्रवामुळे. वायपरचे रबर वाईट निघाले तर काच नीट पुसली जात नाही, इतकेच. होज पाइप फुटला आणि चालकाचे काट्याकडे लक्ष नसले, तर थोड्याच वेळात हेड वाकते, गॅस्केट उडते आणि इंजिन खोलावे लागते. भागाची किंमत आणि तो बिघडल्यावर होणाऱ्या नुकसानाची किंमत यांत इतके अंतर गाडीच्या फार थोड्या यंत्रणांमध्ये आढळते.

निवडीचा प्रश्न मात्र मोटारीइतका जुना नाही. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत पाणी तापून वाफेवाटे उडून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे व्हिल्हेल्म मायबाखने मर्सिडीज ३५ एचपी या गाडीसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा हनीकोम्ब रेडिएटर बनवला आणि आजच्या रेडिएटरची दिशा ठरली. त्यानंतर कित्येक दशके रेडिएटर तांबे-पितळेचा असे. तो गळू लागला की रेडिएटरवाला टाकी उतरवून झाळकाम करी, नळ्यांत सळी घालून गाळ काढी आणि तोच रेडिएटर पुन्हा बसवी. नवा विकत घेण्याची वेळ क्वचित येई. १९७० च्या दशकापासून ॲल्युमिनियमची जाळी आणि नायलॉनची टाकी असलेले रेडिएटर हळूहळू सर्वत्र आले. ते हलके आहेत, चांगले काम करतात, स्वस्तही पडतात. पण टाकी आणि जाळी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट ठेवून धातूची कड दाबून बसवलेली असते, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नायलॉन ठिसूळ होऊन तडकते. तडकलेल्या नायलॉनला झाळता येत नाही. दुरुस्तीची जागा बदलीने घेतली ती इथे, आणि बदलायचाच आहे तर कोणता घ्यायचा, हा प्रश्नही इथेच उभा राहिला. तांबे-पितळेच्या रेडिएटरसोबत एक उत्तम कारागिरी मागे पडली, याची हळहळ वाटते. त्या कारागिरांची नजर आपल्याला वाचवता आली पाहिजे. ती कशी, ते पुढे येईलच.

प्रश्नाच्या पहिल्या पायरीवरच एक गैरसमज दूर करावा लागतो. गाडी बनवणारी कंपनी आपल्या नावाचे सगळे भाग स्वतः बनवत नाही. रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट हे भाग बहुतांशी पुरवठादारांकडून येतात. वडोदऱ्याची बँको, पुण्याची टाटा टोयो, चाकणला रेडिएटर बनवणारी मूळची बेहर आणि आता माले समूहातली कंपनी, ही त्यांतली काही नावे. त्यामुळे बाजारात एकाच कामाचा भाग निदान चार रूपांत भेटतो. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. त्याच पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला. मूळ गाडीशी संबंध नसलेल्या, पण आपले नाव लावून प्रामाणिकपणे विकणाऱ्या तिसऱ्या कंपनीचा. आणि दुसऱ्याचे नाव चोरून छापलेला बनावट. शेवटचा प्रकार हा निवडीचा विषयच नाही, तो गुन्हा आहे. दुसरा आणि तिसरा प्रकार मात्र नीट तपासण्याजोगा आहे. पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातला माल अनेकदा अगदी तोच असतो आणि किमतीला बराच कमी पडतो. पण नेहमी तोच असतो असेही नाही: मूळ गाडीसाठीचे साचे आणि रेखाचित्रे गाडीच्या कंपनीच्या मालकीची असू शकतात, आणि खुल्या बाजारासाठी तोच पुरवठादार वेगळा माल काढू शकतो. म्हणून खोक्यावरचे नाव ही चौकशीची सुरुवात आहे.

या अभ्यासाचे मुख्य म्हणणे आता मांडतो. निवड सरसकट करू नये, भागागणिक करावी. आणि प्रत्येक भागाबाबत आधी विचारावे की त्याचा दर्जा आपल्याला तपासता येतो का. रेडिएटरचा येतो. जाळीची जाडी, नळ्यांच्या ओळी, एका इंचात किती पन्हळी बसवल्या आहेत, दाबलेली कड सर्वत्र सारखी आहे का, जुन्याच्या तुलनेत वजन किती, बसवायचे कान जागच्या जागी येतात का, हे सारे दुकानातच पाहता येते. तोंडे बंद करून हवा भरून पाण्यात बुडवला की गळतीही कळते. जुन्या रेडिएटरवाल्याची नजर उपयोगी पडते ती इथे. म्हणूनच रेडिएटर हा कूलिंग सिस्टीममधला सर्वांत मोठा आणि बहुधा सर्वांत महाग भाग असूनही, चांगल्या नावाच्या दुसऱ्या कंपनीचा घ्यायला माझी हरकत नाही. कोकणाच्या खाऱ्या हवेत तर पन्हळी झिजून तो लवकर बदलावा लागू शकतो. तिथे दर खेपेला खोक्याचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

याउलट रेडिएटर कॅप. दिसायला साधे झाकण, किंमतही किरकोळ, म्हणून लोक तिथेच ‘कुठलेही द्या’ म्हणतात. पण कॅपमध्ये ठरावीक ताकदीची स्प्रिंग असते आणि कुकरच्या शिट्टीसारखीच ती आतला दाब राखते. ०.९ बार दाबाची कॅप असेल तर आतले साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. साडेतेराशे मीटर उंचीच्या महाबळेश्वरात उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, हे लक्षात घेतले की घाटमाथ्यावर या दाबाचे मोल कळते. स्प्रिंग कमजोर असेल तर कूलंट अकारण उकळून बाहेर पडते. जास्त कडक असेल तर दाब जुन्या होजवर आणि टाकीच्या कडेवर निघतो. कॅपच्या मधोमध एक छोटी उलटी झडपही असते. इंजिन थंड होताना ती बाजूच्या डब्यातले कूलंट परत आत घेते. ती अडकली की होज पाइप आत चिंबतात. यातले काहीही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. महाग रेडिएटर ओरिजिनल आणि त्याच्या तोंडावर अनोळखी कॅप, हे आपल्याकडचे नेहमीचे दृश्य अगदी उलटे व्हायला हवे.

थर्मोस्टॅटचेही तसेच. १९३४ मध्ये सर्जियस व्हर्नेने शोधलेल्या युक्तीवर तो आजही चालतो: धातूच्या कुपीतले मेण ठरावीक तापमानाला वितळून फुगते आणि झडप उघडते. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, तो आकडा खरा की खोटा हे कोणीही घरी पडताळू शकतो, आणि विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. मात्र काही हजार वेळा उघडझाप झाल्यावरही तो तसाच वागेल का, हे पातेले सांगत नाही. त्यासाठी बनवणाऱ्यावरच भरवसा ठेवावा लागतो, म्हणून इथे ओरिजिनल किंवा मूळ पुरवठादाराचाच घ्यावा. ‘आपल्याकडे उकाडा आहे, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला तर सोडूनच द्यायला हवा. इंजिन थंड राहिले की पेट्रोल जास्त जळते आणि ऑइल लवकर खराब होते. काही इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते, काही कूलंट रेडिएटरकडे जातच नाही, आणि चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गाडी थंड राहण्याऐवजी अधिकच तापते.

तापमानाचा सेन्सर याच गटातला. तापमान वाढले की त्याचा विद्युतरोध घटतो. हे घटण्याचे प्रमाण किंचितही वेगळे असले तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाला, चुकीचे तापमान कळते आणि फॅन उशिरा लागतो. वॉटर पंपाबद्दल अधिक बोलायला हवे. पंप बिघडतो तो बहुतेक वेळा सीलमुळे किंवा बेअरिंगमुळे, आणि दोन्ही आत दडलेली असतात. बाहेरून इंपेलर जुन्याशी ताडून पाहता येतो: पात्यांची संख्या, उंची, वळण. पण पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेअरिंग जाम होताच बेल्टही जातो, आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. अशा गाडीत पंपावर पैसे वाचवू नयेत. पंप बाहेरच्या पट्ट्यावर चालत असेल तर नामांकित दुसऱ्या कंपनीचा विचार करता येतो. होज पाइप बाहेरून टवटवीत दिसतात आणि आतून, विशेषतः क्लॅम्पजवळ, विद्युत-रासायनिक क्रियेने चिरत जातात. टोकाला बोटांनी दाबून तिथला मऊपणा कळतो. नवा घेताना वळण हुबेहूब आहे का, आत दोऱ्याची वीण आहे का, हे पाहावे.

आता कूलंट. कूलंटला कुणी सुटा भाग म्हणत नाही, पण निवडीचा सगळ्यात सुरस इतिहास त्याचाच आहे. युरोपात पाणी जड. फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियमशी मिळून थर धरते, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट पसंत केले. जपानी कंपन्यांना सिलिकेटने पंपाचे सील झिजण्याची धास्ती, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवले. दोन्ही मते आपापल्या जागी रास्त, आणि आज आपल्या एकाच सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन्ही परंपरांच्या गाड्या शेजारी उभ्या असतात. त्यात मराठवाड्यापासून पुण्याच्या उपनगरांपर्यंत बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड. फॉस्फेटचे घट्ट कूलंट अशा पाण्यात मिसळले की ओरिजिनल रेडिएटरच्या नळ्याही आतून बुजू लागतात. रंगावर विसंबू नये. हिरवा, लाल, निळा यांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. डब्यावरचे मानक वाचावे आणि ते गाडीच्या पुस्तिकेशी ताडावे: आयएस ५७५९, जेआयएस के २२३४, एएसटीएम डी ३३०६ किंवा गाडीच्या कंपनीचा स्वतःचा संकेतांक. तयार मिश्रण घ्यावे, किंवा घट्ट कूलंटमध्ये मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे की गोठण्यापासून बचाव हे त्याचे एक काम. गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढवणे ही कामे आपल्यासाठी त्याहून मोठी आहेत.

या निवडीला कायद्याचीही बाजू आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने वॉरंटीच्या बदल्यात ठरावीक ब्रँडचाच भाग विकत घेण्याची सक्ती करण्यावर बंधन घातले. युरोपीय संघाने २००२ च्या नियमांत, गाडीच्या कंपनीच्या मानकांनुसार पुरवठादाराने बनवलेल्या भागालाही ‘मूळ’ मानले. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात न येऊ देणे हा त्यातला मुख्य आक्षेप होता, आणि केवळ बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. त्या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले; तरी ग्राहकाच्या बाजूने झालेली ती मांडणी मुळातून वाचण्याजोगी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. गाडी वॉरंटीत असेल, तर कोणताही भाग बदलण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी स्वतः वाचाव्यात. काउंटरवरच्या किंवा सर्व्हिस सेंटरमधल्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. गॅरेजात काम करणाऱ्यांनी पंप आणि थर्मोस्टॅटपासून सुरुवात करावी, मालकांनी कूलंट आणि कॅपपासून. या विषयात आपल्याकडे सर्वांत मोठी उणीव नोंदींची आहे. कोणत्या मेकचा पंप किती किलोमीटर चालला, हे शेकडो मिस्त्रींना तोंडपाठ असते, पण ते लिहून ठेवलेले नसते, आणि मिस्त्री निवृत्त झाला की ते त्याच्यासोबत जाते. म्हणून शेवटच्या पानांवर मोकळे रकाने दिले आहेत: भाग, पार्ट नंबर, मेक, बॅच, बसवल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर, आणि काढला तर का काढला. जुना भाग लगेच भंगारात देऊ नये. नव्याशेजारी ठेवून मापे घ्यावीत, फोटो काढावा आणि मग द्यावा. पहिली नोंद आपल्या गाडीत आज कोणते कूलंट आहे याची असावी, आणि ते ठाऊक नसेल तर इंजिन पूर्ण थंड असताना काढून घेऊन, पुस्तिकेतल्या मानकाचे नवे भरून त्याची तारीख लिहावी.