मीराकास्ट: केबलशिवाय लॅपटॉप शेअर्ड मॉनिटरला कसा जोडायचा?

मीराकास्ट म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन वाय-फायवरून मॉनिटर किंवा टीव्हीवर दाखवण्याचं तंत्र. वाय-फाय अलायन्सने ते २०१२ मध्ये आणलं. वाय-फाय डायरेक्टमुळे दोन्ही डिव्हाइस थेट जोडली जातात, इंटरनेट लागत नाही.

विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोज आणि के ही बटणं एकत्र दाबा आणि यादीतून मॉनिटर निवडा. माउस-कीबोर्ड मात्र ब्लूटूथने वेगळे जोडा.

चित्र कॉम्प्रेस होऊन जातं, म्हणून माउस किंचित मागे पडतो. कोडिंगला चालतं, गेमिंगला नाही.

ऑफिसमध्ये मी ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ निवडतो. ‘डुप्लिकेट’मध्ये तुमचा उघडा मेलही सगळ्यांना दिसतो. मॉनिटरला पिनची सोय असेल तर ती चालू ठेवा, नाहीतर शेजारच्या खोलीतूनही कोणी जोडू शकतं. आणि उठताना डिस्कनेक्ट करा!