मेम्फिसची खोली आणि गीतांचे हक्क

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी, युनियन ॲव्हेन्यूवरील ७०६ क्रमांकाच्या लहानशा वास्तूत, सॅम फिलिप्स नावाच्या रेडिओ-तंत्रज्ञाने १९५० साली ध्वनिमुद्रणशाळा थाटली, तेव्हा लग्नसमारंभ व भाषणे मुद्रित करून देण्यावर तिचा चरितार्थ चालत असला, तरी वर्णभेदामुळे ज्यांना अन्यत्र दारे बंद होती, त्या कृष्णवर्णीय गायकांचा आवाज टिपावा ही त्याच्या अंतःकरणाची खरी ओढ होती. १९५१ च्या मार्चमध्ये आयक टर्नरचा ताफा तेथे दाखल झाला, तो गिटारचा ध्वनिवर्धक जायबंदी अवस्थेत घेऊनच. फिलिप्सने त्यात कागद कोंबला आणि त्यातून उमटलेला घोगरा नाद, दोष न मानता, जसाच्या तसा मुद्रित केला. शिकागोच्या चेस कंपनीने काढलेले हे ‘रॉकेट ८८’ रॉक अँड रोलच्या आद्य गीतांत गणले जाते, आणि मला तर त्या घोगरेपणातच पुढील सगळ्या युगाचा कंठ फुटल्यासारखा वाटतो.

त्याच खोलीत ५ जुलै १९५४ रोजी, मालमोटार हाकून पोट भरणारा एकोणीस वर्षांचा एल्विस प्रेस्ली संथ गीते गाऊन थकला असता, विश्रांतीच्या वेळी त्याने आर्थर क्रुडपने १९४६ मध्ये मुद्रित केलेले ‘दॅट्स ऑल राइट’ हे गीत सहज, द्रुत लयीत छेडले. स्कॉटी मूरने गिटारवर त्याला साथ धरली; ढोल नव्हताच, परंतु बिल ब्लॅकने आपल्या अवजड बासवाद्याच्या तारांवर थापा मारून त्याची उणीव भासू दिली नाही. पुढे ते गीत निघाले ते ४५ फेऱ्यांच्या नव्या तबकडीवर, तसेच ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरही. त्या जुन्या जातीच्या तबकड्या लाखेच्या बनत, आणि जगाला लागणारी लाख मोठ्या प्रमाणावर आपल्या छोटा नागपूरच्या अरण्यांतून जात असे, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

गीत लोकप्रिय होणे आणि त्याचा मोबदला कर्त्याच्या पदरी पडणे यांत मात्र दस्तऐवजांची मोठी दरी असे. चक बेरीने १९५५ साली ‘मेबलीन’ रचून गायिले, तर त्याच्या कर्तृत्वाच्या नोंदीत ॲलन फ्रीड या रेडिओ-निवेदकाचे व आणखी एका इसमाचे नाव दाखल झाले. संपूर्ण हक्क बेरीच्या नावे रुजू व्हायला १९८६ उजाडले. प्रेस्लीचा करारनामा फिलिप्सने १९५५ च्या नोव्हेंबरात आरसीए कंपनीला ३५,००० डॉलरांस विकला. ज्याच्या गीताने त्या कारकिर्दीचा आरंभ झाला, त्या क्रुडपच्या वाट्याला मात्र शेतमजुरी आली, आणि १९७४ साली त्याचा देहान्त होईपर्यंत त्या गीताच्या स्वामित्वधनाचा नगण्य अंशच त्याच्या हाती आला.