चहाचें नवें सोवळें

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या हिवरखेडसारख्या वऱ्हाडी गांवांत चहाचें झाड सहसा कोणीं पाहिलेलें नसतें. हा मुलूख कपाशीचा, ज्वारीचा आणि संत्र्याचा. वऱ्हाडांत चिखलदऱ्यावर पिकते तीही कॉफी, चहा नव्हे. तरीही पाहुणा ओसरीवर टेकला कीं प्रथम चहा विचारला जातो. परक्या पाल्याला हा मान कसा मिळाला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे हल्लीं सुशिक्षित घरांतून वाढत चाललेल्या चहाच्या चोखंदळपणाचीही नीट पारख करतां येते.

आसामांतील चहा लंडनच्या लिलावांत प्रथम विकला गेला तो 1839 सालीं. पुढें 1867 मध्यें अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत आगगाडी आली. पण तिचें लक्ष वऱ्हाडच्या कापसावर होतें. चहा अद्याप साहेबाचा होता, आणि म्हणूनच धोक्याचाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें 4 ऑक्टोबर 1890 रोजीं कांहीं प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. त्यांचीं नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतांच ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानडे व टिळक ह्या दोघांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. वाद पेयाच्या चवीचा नव्हता. तें कोणाच्या हातचें, हा होता.

हें सोवळें सुटलें तें केवळ सुधारकांच्या व्याख्यानांनीं नव्हे. निर्यात होणाऱ्या चहावर 1903 च्या कायद्यानें कर बसला व त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. 1933 सालीं आंतरराष्ट्रीय करारानें निर्यातीला मर्यादा पडली, तेव्हां मळेवाल्यांना देशांतलेंच गिऱ्हाईक हवेंसें झालें. रेल्वे स्थानकांवर देशी भाषांतल्या पाट्या लागल्या. चहा कसा करावा, हें लोकांना शिकविण्यांत येऊं लागलें. त्याच दशकांत आसामांत पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारें यंत्र निघालें. अशा दाण्यांचा चहा थोडक्यांत कडक उतरतो आणि दुधांत दबत नाहीं. पुढें गरिबाच्या घरीं चहा पोंचला तो मुख्यतः ह्या दाण्यांच्या व भुकटीच्या रूपानें.

आपल्या गृहिणींनीं मात्र शिकवणुकींतलें हवें तेवढेंच घेतलें. त्यांनीं आधण उकळलें, दूध-साखर घातली आणि वर आलें, वेलदोडा, गवती चहाचीं पातीं टाकलीं. तेव्हां सुवासिक चहा ही कांहीं आजची परदेशी चैन आहे, असें आम्हांला वाटत नाहीं. चीनमध्यें चहाच्या पानांत मोगऱ्याच्या जातीचीं फुलें रात्रभर मिसळून ठेवितात. पान सुगंध ओढून घेतें, मग फुलें काढून टाकितात. इंग्रजांचा प्रसिद्ध ‘अर्ल ग्रे’ बर्गामॉट नांवाच्या फळाच्या सालींतील तेलानें सुगंधित केलेला असतो, आणि तें फळ आपल्या संत्र्याच्याच कुळांतलें. वऱ्हाडच्या माणसानें आपल्या बागेंतल्या संत्र्याची साल वाळवून चहांत घातली, तर त्यानें कोणाची नक्कल केली असें होणार नाहीं.

अखंड पानाच्या चहाचें सुख खरेंच निराळें आहे. काळ्या चहावर नुकतेंच उकळलेलें पाणी ओतावें, भांडें झांकावें, तीन-चार मिनिटें धीर धरावा. हिरव्या पानाला त्याहून थोडें निवलेलें पाणी मानवतें. दार्जिलिंगच्या वसंतांतल्या पहिल्या खुडणीचा नाजूक गंध दुधांत हरवतो, म्हणून तो चहा बिनदुधाचाच घ्यावा. इतकें कळणें ही रसिकता होय, व ती प्रत्येकाला लाभो.

परंतु ह्या रसिकतेला मिजास जडली कीं आम्हांला जुन्या गोष्टी आठवतात. कित्येक गांवांतल्या चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांसाठीं वेगळी कपबशी ठेवलेली असे, आणि ती त्यांनाच विसळावी लागे. ब्राह्मणांनीं मिशनऱ्याचा पेला घेतला म्हणून प्रायश्चित्त, आणि दलितानें आपला पेला घेऊं नये म्हणून वेगळी बशी. दोहींकडे पेल्यावरून माणूसच तोलला जात होता. आज उकळलेल्या गोड चहाला नाक मुरडणारा, तो पिणाऱ्यालाही हलकें लेखूं लागला, तर त्याचें सोवळें त्याच जातीचें समजावें. घरीं त्यानें खुशाल पानें निवडावींत, मिनिटें मोजावींत. हिवरखेडच्या ओसरीवर आल्याचा, दाट दुधाचा कप पुढें आला, तर मात्र तो दोन्ही हातांनीं घ्यावा. चहाला ह्या मुलखांत मान मिळाला आहे तो अशाच कपांमुळें.