फुलरबाईंविषयी तळटीप

* फुलरबाई : अमेरिकेतून येऊन वऱ्हाडात प्रथम एलिचपूर (हल्लीचे अचलपूर) व पुढे अकोला येथे ख्रिस्तसेवेत आयुष्य वेचणाऱ्या जेनी फुलर. ठरीव तनख्याची हमी नसता केवळ ईश्वराच्या भरवशावर कार्यास हात घालणाऱ्या मिशनऱ्यांपैकी त्या होत. परंतु हा भरवसा म्हणजे संकटांतून माफीची सनद नव्हे, हे ज्वारीचे पीक बुडून वऱ्हाड अन्नास मोताद झालेल्या १८९९-१९०० च्या दुष्काळाने पुरते दाखवून दिले. हिंदी स्त्रियांच्या हालअपेष्टांवरील त्यांचा ग्रंथ पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह १९०० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच साली त्या निवर्तल्या. देवाने राखले ते नेमून दिलेले कार्य, देह नव्हे, ही भाविकांची उपपत्ती निदान या प्रकरणी आम्हांस ग्राह्य वाटते. बाईंचे इंग्रजी चरित्र हेलन डायर यांनी लिहिले आहे. — संपादक