हार्म, चार्म व हार्मनी

इंग्रजी भाषेतील तीन समानध्वनी शब्द. आजच्या इंग्रजीत ‘हार्म’ म्हणजे इजा किंवा अपाय, ‘चार्म’ म्हणजे मोहकपणा व ताईत आणि ‘हार्मनी’ म्हणजे स्वरमेळ किंवा सलोखा. उच्चारसाम्यामुळे हे शब्द एकाच कुळातील असावेत असा समज सहज होतो. तथापि त्यांची मुळे भिन्न आहेत. हार्म हा जर्मानिक शब्द इंग्रजीत आरंभापासून आहे. उरलेले दोन अनुक्रमे लॅटिन व ग्रीक मूळचे असून नॉर्मन विजयानंतर (१०६६) आलेल्या फ्रेंच शब्दांच्या ओघात ते इंग्रजीत शिरले. हार्ममधील ‘ह’ हा मूळ इंडो-यूरोपीय ‘क’ पासून, याकोप ग्रिम याने १८२२ मध्ये मांडलेल्या वर्णपरिवर्तनाच्या नियमानुसार झालेला आहे. चार्ममधील ‘च’ ही लॅटिन ‘क’ ची जुन्या फ्रेंचमधील परिणती होय. हार्मनीतील ‘ह’ मूळ ग्रीक असला, तरी फ्रेंचमध्ये तो लोपला होता; चॉसर (चौदावे शतक) हा शब्द ‘ह’ वाचूनच लिहितो.

प्राचीन इंग्रजीत ‘हेआर्म’ या शब्दाने दुखापतीबरोबरच शोक आणि अपमान हे अर्थही व्यक्त होत. बेओवुल्फ या महाकाव्यात किनाऱ्यावरील पहारेकरी परतणाऱ्या पाहुण्यांना सामोरा जातो, तो ‘हेआर्म’ने नव्हे, म्हणजे अपशब्दांनी नव्हे, असा उल्लेख आहे. भगिनीभाषांनी हा मानसिक अर्थ टिकविला : जर्मन ‘हार्म’ म्हणजे दुःख, तर स्वीडिश ‘हार्म’ म्हणजे संताप. स्लाव्ह भाषांतील ‘स्राम’ (लज्जा) हा शब्द याच कुळातील मानतात. अवेस्ता भाषेतील ‘फ्शरम’ व त्याच्या वळणाचा फार्सी ‘शर्म’ हेही काही अभ्यासक येथे जोडतात. तसे असल्यास फार्सीतून मराठीत आलेली ‘शरम’ ही हार्मची दूरची नातलग ठरेल. परंतु आरंभीच्या ‘फ्’चा उलगडा सुकर नसल्याने हा संबंध संभाव्य कोटीतच ठेवणे इष्ट.

चार्मचा इतिहास अधिक उद्‌बोधक आहे. लॅटिन ‘कार्मेन’ हा शब्द ‘कानेरे’ (गाणे) या धातूवरून आला. गीत, काव्य, धार्मिक वचन व मंत्र हे सर्व अर्थ त्यात सामावलेले होते. होरेसच्या उद्देशिकांचे नाव ‘कार्मिना’ असेच आहे. मात्र रोमच्या ‘द्वादश पट्ट’ या विधिसंहितेत (इ. स. पू. ४५१–४५०) दुष्ट कार्मेन म्हणणारा, तसेच दुसऱ्याचे पीक मंत्राने ओढून नेणारा दंडास पात्र होता. हे दुष्ट कार्मेन म्हणजे जारणमारण की बदनामीचे कवन, याविषयी मतभेद आहेत. दोन्ही अर्थ संभवतात, हेच लक्षणीय आहे. कारण येथे कार्मेनचे फळ म्हणजे नेमके प्राचीन इंग्रजीतील हेआर्म होय. शब्दकुळे भिन्न राहूनही अर्थ असे एकमेकांना भेटतात.

चार्म येण्यापूर्वी इंग्रजीत मंत्राला ‘गाल्डोर’ म्हणत. तोही ‘गाणे’ या अर्थाच्या धातूवरूनच साधलेला आहे. सुमारे इ. स. १००० च्या ‘लॅक्नुंगा’ या वैद्यकीय हस्तलिखितात नऊ वनस्पतींचा मंत्र व अचानक उठणाऱ्या कळेवरचा मंत्र आढळतो. १३०० च्या सुमारास चार्म हा शब्द रूढ झाला तेव्हा तो मंत्रोच्चारच दर्शवी. मोहकपणा हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. मराठीतील ‘गारूड’ या शब्दाचा प्रवास असाच आहे : मूळचा विष उतरविण्याचा मंत्र, आता गायकाने श्रोत्यांवर घातलेली भुरळ. पक्ष्यांच्या किलबिलाटाला इंग्रजीत चार्म म्हणतात. तो मात्र ‘चिर्म’ (कोलाहल) या निराळ्या देशी शब्दाचा अवशेष असून पुढे तो या चार्ममध्ये मिसळला.

हार्मनीचा उगम सुतारकामात आहे. ग्रीक ‘हार्मोस’ म्हणजे सांधा. ओडिसीत नायक आपला तराफा खुंट्या व ‘हार्मोनिया’ यांनी जोडतो. इलियडमध्ये याच शब्दाचा अर्थ करार असा आहे. जोडणे, जुळविणे या अर्थाच्या ज्या इंडो-यूरोपीय धातूपासून तो आला, त्यापासूनच संस्कृत ‘ऋत’ व ‘अर’ (चाकाचा आरा) हे शब्द साधतात. हेराक्लायटसने धनुष्य व वीणा यांतील परस्परविरोधी ताणांच्या जुळणीला हार्मोनिया म्हटले आहे. संगीतात या शब्दाने प्रथम तारांची जुळणी व स्वरसप्तक सूचित होई. अनेक स्वर एकाच वेळी वाजविण्याची कल्पना त्यात नव्हती. पुराणकथेतील देवता हार्मोनिया ही एरीझ व ॲफ्रोडाइटी यांची कन्या. विवाहात तिला मिळालेला कंठहार पुढे ज्याच्या हाती गेला, त्याचा घात झाला, अशी कथा आहे.

पॅरिसमधील आलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये एकस्व घेतलेल्या वाद्याला याच शब्दावरून ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. मराठी रंगभूमीवर ‘पेटी’ म्हणून रुळलेले हे वाद्य रागसंगीतात गायकाच्या स्वरामागून जाते. ज्या स्वरमेळावरून त्याचे नाव पडले, तो तेथे क्वचितच योजला जातो.