शंभर मण्यांची माळ

कुमाऊंमध्ये पोस्टिंग होऊन आता सात-आठ महिने झाले. मुनस्यारीला उभं राहिलं की समोर पंचाचुलीची पाच शिखरं दिसतात आणि खाली गोरीगंगेचं खोरं. या खोऱ्यातून वर चालत गेलं की जोहारचं एके काळचं मोठं गाव लागतं, मिलम. इथले शौका व्यापारी उन्हाळ्यात खिंडी ओलांडून तिबेटात धान्य, कापड, गूळ न्यायचे आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतायचे. १९६२ नंतर सीमा बंद झाली, व्यापार थांबला आणि गाव ओस पडलं. आज तिथल्या बहुतेक घरांच्या नुसत्या दगडी भिंती उरल्या आहेत.

याच मिलममध्ये १८३० साली नैनसिंग रावत जन्मले. त्यांनी पावलं मोजत तिबेट मोजला, ही गोष्ट बऱ्याच जणांना थोडीफार ठाऊक असते. २००४ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. पण मला त्यांच्याबद्दल लिहायचंय ते वेगळ्या कारणासाठी. सध्या माझ्याकडे युनिटमधल्या मॅप रीडिंग कॅडरची जबाबदारी आहे. समोर बसलेले विद्यार्थी अठरा वर्षांचे कॅडेट नाहीत. पस्तिशीतले हवालदार आहेत, पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेले, घरी मुलं दहावीला. मोठा माणूस नवीन गोष्ट शिकतो ती नेमकी कशी, हा माझ्यासाठी रोज सकाळी आठ वाजताचा प्रश्न आहे. आणि त्याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर याच खोऱ्यातल्या एका मास्तरकडे आहे.

होय, मास्तर. नैनसिंग मिलमच्या शाळेत शिक्षक होते. त्यांना मिळालेलं ‘पंडित’ हे टोपणनाव त्यावरूनच आलं, आणि पुढे सर्व्हेसाठी गुपचूप फिरणाऱ्या सगळ्याच हिंदी माणसांना सरसकट ‘पंडित’ म्हणू लागले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेने हिंदुस्थान मोजत मोजत हिमालय गाठला होता. पण पलीकडचा तिबेट परक्यांना बंद होता. गोरा माणूस लगेच ओळखू येणार. सर्व्हेतल्या कॅप्टन थॉमस माँटगोमरीने विचार मांडला की डोंगरातली आपलीच माणसं, जी व्यापारी आणि यात्रेकरू म्हणून ये-जा करतातच, त्यांना मोजणी शिकवून पाठवावं. १८६३ साली त्याने अब्दुल हमीद नावाच्या मुन्शींना यारकंदला धाडलं. ते पोहोचले, काम केलं, पण परतीच्या वाटेवर वारले. त्याच वर्षी कुमाऊंच्या शिक्षण खात्यातल्या एडमंड स्मिथ या अधिकाऱ्याने दोन नावं सुचवली: नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मणीसिंग. दोघांना डेहराडूनला बोलावलं गेलं. नैनसिंग तेव्हा तेहतीस वर्षांचे होते, जवळपास माझ्या हवालदारांच्या वयाचे.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्या. डेहराडूनला आलेला हा माणूस कोरी पाटी नव्हता. तिबेटी भाषा त्यांना येत होती. वाटा, खिंडी, जकातीची ठाणी, कोणाशी कसं बोलायचं, हे सगळं घरच्या व्यापारातून अंगात मुरलेलं. शिवाय १८५५ ते १८५७ या काळात श्लागिंटवाइट या जर्मन बंधूंबरोबर फिरताना त्यांनी उपकरणं हाताळली होती. माँटगोमरीने हे सगळं बाजूला सारून पहिल्या धड्यापासून सुरुवात केली नाही. जे होतं त्यावर पुढचं चढवलं. आपल्या प्रशिक्षणात नेमकं हेच अनेकदा राहून जातं. समोरच्याला काय येत नाही याची यादी आपल्याकडे तयार असते. काय येतं याची कोणी करत नाही.

मग दोन वर्षं तालीम चालली. सेक्स्टंट, कंपास, तारे ओळखणं, आणि पाण्याच्या उकळबिंदूवरून उंची काढण्यासाठी थर्मामीटर. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअस, असा ढोबळ हिशेब. म्हणजे चहाचं आधण ठेवता ठेवता उंची मोजता येते.

पण खरी तालीम पायांची होती. चढ असो, उतार असो, सपाटी असो, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. दोन हजार पावलांत एक मैल. हिशेब केला तर एक पाऊल सुमारे ८० सेंटीमीटरचं होतं आणि शंभर मीटरला १२४ पावलं. एनडीएत रात्रीच्या कंपास मार्चला आम्ही सगळ्यांनी पावलं मोजली आहेत. पार्टीत एक कंपासवाला आणि एक पेसर असतो. पेसरने दर शंभर पावलांना एक खडा या खिशातून त्या खिशात टाकायचा. खडकवासल्याच्या मागच्या डोंगरात, पावसात, पाठीवर पिट्टू घेऊन दोन-तीन किलोमीटर असं मोजलं की डोकं बधिर होतं. आणि चढावर पाऊल आपोआप आखूड पडतं, ते आपल्याला कळतसुद्धा नाही. म्हणूनच ती दोन वर्षं. पाऊल शरीराचा भाग झालं की डोकं मोकळं राहतं: वाट बघायला, माणसं ओळखायला, संशय आला तर गोष्ट रचायला.

उपकरणांची जुळणी तर बघण्यासारखी होती. बौद्ध जपमाळेत मणी १०८. यांच्या माळेत शंभरच ठेवले. आठ मणी कमी आहेत हे कोण मोजणार? शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे पूर्ण माळ दहा हजार पावलांची, पाच मैलांची. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. कोणी जवळ आलं की चक्र फिरवायला लागायचं. जप करणाऱ्याला कोणी मध्येच टोकत नाही. पारा कवड्यांमध्ये भरून नेलेला, तो वाडग्यात ओतला की कृत्रिम क्षितिज तयार.

१८६५ साली दोघे निघाले, काठमांडूमार्गे. मणीसिंग पुढे वेगळ्या वाटेने माघारी वळले. नैनसिंग व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पुढे सरकत जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. तिथे पैसे संपत आले. तेव्हा त्यांनी काय करावं? नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब लिहायची हिंदुस्थानी पद्धत शिकवायला सुरुवात केली. जिवाला धोका, परक्या शहरात, आणि हा माणूस शिकवणीवर पोट भरतोय! काही महिन्यांनी ब्रह्मपुत्रेच्या, म्हणजे तिथल्या त्सांगपोच्या काठाने मानसरोवराकडे येत ते परतले. एकूण वाट सुमारे १२०० मैल. दोन हजाराने गुणा: चोवीस लाख पावलं.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. पुढची जरा टोचणारी आहे, आणि तीच मला महत्त्वाची वाटते.

माँटगोमरीने या लोकांना निरीक्षण घ्यायला शिकवलं, पण त्या निरीक्षणावरून अक्षांश काढायचं गणित मुद्दाम शिकवलं नाही. कारण असं की गणित येत असेल तर माणूस घरबसल्या खोटे आकडे रचू शकतो. येत नसेल तर आकडा जुळला म्हणजे तो खरोखर तिथे गेला होता, हा पुरावा. सर्व्हेच्या दृष्टीने युक्ती बिनचूक आहे. पण शिकणाऱ्याच्या बाजूने बघा. जीव धोक्यात घालून तुम्ही ताऱ्याचा कोन मोजून आणता, आणि त्याचा अर्थ डेहराडूनच्या कचेरीत बसलेला दुसरा कोणी काढतो. नावही तुमचं नाही. कागदोपत्री तुम्ही ‘नंबर १’ किंवा ‘द पंडित’. दुसरे चुलतभाऊ किशनसिंग हे ‘ए.के.’ होते, कृष्णा या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं आणि पहिलं अक्षर उलटं लावून.

नैनसिंग तेवढ्यावर थांबले नाहीत. १८७१ साली त्यांनी ‘अक्षांश दर्पण’ नावाचं पुस्तक हिंदीत लिहिलं. विषय तोच, अक्षांश. ज्यांना निरीक्षणापुरतंच शिकवायचं ठरलं होतं, त्यांच्यातल्याच एकाने पुढच्यांसाठी आपल्या भाषेत पुस्तक केलं. १८७४-७५ मध्ये लेहहून ल्हासा आणि तिथून तवांगमार्गे आसामात उतरण्याचा शेवटचा मोठा प्रवास केला. त्यानंतर नजर साथ देईना, तेव्हा नवीन माणसं तयार करण्याचं काम हाती घेतलं. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं. पण पदकापेक्षा मला ते पुस्तक मोठं वाटतं.

शिकवलेलं खरंच कळलंय का, याची परीक्षा परिस्थिती बदलल्यावर होते. किशनसिंग १८७८ ते १८८२ या काळात तिबेट ओलांडून पार चीनच्या दुनहुआंगपर्यंत गेले. एका टप्प्यात दरोडेखोरांच्या भीतीने तांड्यातल्या सगळ्यांना घोड्यावर बसावं लागलं. पायी चालणं बंद, म्हणजे मोजणी बंद? किशनसिंगांनी घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावलं मोजायला सुरुवात केली. नियम पाठ केला असता तर तो इथे संपला असता. त्यांना नियमामागचं तत्त्व कळलं होतं: एकसारखी पडणारी कोणतीही चाल ही मोजपट्टी आहे, मग ती माणसाची असो की घोड्याची.

आणि ज्याला अक्षरच येत नाही त्याचं काय? सिक्कीमचे किंटुप लिहू-वाचू शकत नव्हते. १८८० साली त्यांना एका लामाचा मदतनीस म्हणून त्सांगपोच्या खाली पाठवलं. ही नदी हीच ब्रह्मपुत्रा का, हे शोधायचं होतं. लामाने त्यांना चक्क गुलाम म्हणून विकून टाकलं. ते पळाले, एका मठात आश्रय घेतला, यात्रेची रजा मागून जंगलात पाचशे ओंडके तयार केले आणि ठरल्याप्रमाणे रोज पन्नास, असे नदीत सोडले. आधी पाठवलेला निरोप पोहोचला नव्हता. खाली आसामात ओंडके बघायला कोणी नव्हतंच. चार वर्षांनी परतल्यावर त्यांनी सगळी वाट आठवणीतून सांगितली. पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. १९१३ साली बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी त्या दरीत गेले, तेव्हा किंटुप यांचं वर्णन बहुतांशी बरोबर निघालं. जी मोठी चूक होती, धबधब्याच्या उंचीची, ती सांगणाऱ्यापेक्षा लिहून घेताना आणि भाषांतर करताना झालेल्या घोळाची होती.

आता माझ्या कॅडरकडे येतो. एक हवालदार आहे, याच डोंगरातला. रात्री, धुक्यात, पेट्रोल न चुकता परत आणणारा. पण पेपरात दोनदा अडकला. ‘अ’ ठिकाणाहून ‘ब’ दिसेल का, हा प्रश्न आला की कंटूरवरून छेद काढताना गडबडतो. म्हणतो, “साब, ज़मीन पे पूछो तो अभी बता दूँ.” या वेळी पास झाला नाही तर पुढच्या बढतीची वाट बंद. पेन्शन, मुलांचं शिक्षण, गावातला मान, सगळं त्या एका कागदाला बांधलेलं.

मी क्रम उलटा केला. आधी नकाशा उघडायचाच नाही. सगळ्यांना धारेवर नेलं आणि विचारलं, इथून कोणती गावं दिसत नाहीत, आणि कुणामुळे? त्याने पटापट चार गावं सांगितली, आणि कोणती सोंड कोणाला झाकते तेही. मग म्हटलं, आता ती सोंड नकाशावर बोटाने दाखव. त्यानंतर कागद, त्यानंतर छेद. शेवटी, नवीन आलेल्या पोरांना हाच धडा त्याने शिकवायचा. पहिल्या दिवशी लाजला. तिसऱ्या दिवशी एका पोराने विचारलं, “उस्ताद, छेद काढायचाच कशाला?” त्यावर त्याने स्वतःच्या शब्दांत दिलेलं कारण माझ्या लेक्चरपेक्षा सरस होतं.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते आत्ता सांगता येणार नाही. पण हातातल्या जीपीएसची बॅटरी जेव्हा थंडीने मान टाकते, तेव्हा कोणाच्या मागे चालायचं हे माझ्या कंपनीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. आमची परीक्षा पद्धत त्याचं ज्ञान ओळखू शकली नाही, तर किंटुप यांच्यासारखीच गत व्हायची: माणूस बरोबर, लिहून घेणारे कमी पडले.

तुमच्यापैकी बरेच जण शिकवणारे आहात, शाळेत, कारखान्यात, कचेरीत. एक करून बघा. हाताखालच्या माणसाला ‘कसं’ शिकवतो तेवढंच ‘का’ सांगतो का? की माँटगोमरीसारखं गणित आपल्याच कपाटात ठेवतो? त्याच्याकडे निदान कारण तरी होतं. आपल्याकडे बहुतेक वेळा वेळ नव्हता, एवढंच असतं.

किंटुप यांच्या त्या नदीबद्दल खूप लिहायचं राहिलं. अरुणाचलच्या पोस्टिंगमध्ये सियांगच्या काठावर काही महिने काढले होते, त्या वह्या सापडल्या की पुढचा लेख त्यावर.